एक घर, तीन माणसं आणि बुजवलेलं पेव : मनाच्या गोष्टीवरचा पहिला सिनेमा सांगलीत राहून कसा करायचा

सांगलीजवळच्या हरिपूरच्या एका परड्यात, पेरूच्या झाडाखाली, एक बुजवलेलं पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार, आहे. वरून बघितलं तर नुसता गोल खड्डा, त्यात विटांचे तुकडे आणि गवत. पण तोंडाला अरुंद आणि आत ऐसपैस अशी ती पोकळी एके काळी हळदीनं भरलेली असायची. 2005 च्या महापुरात अशा पेवांत पाणी शिरलं, हळद गेली, आणि पुढं बऱ्याच जणांनी पेवं बुजवून टाकली. माझा पहिला सिनेमा त्या खड्ड्यातून निघाला. अडत दुकानातून निवृत्त झालेले एक दिवाणजी, त्यांची सून आणि नऊ वर्षांचा नातू. रात्री त्या पेवातून कुणीतरी हाक मारतंय असं दिवाणजींना वाटतं. गोष्ट एवढीच.

हा सिनेमा करताना मी जे शिकलो ते क्रमानं सांगतो. ज्यांच्या डोक्यात अशीच एखादी गोष्ट दोन-चार वर्षं घोळतेय आणि ज्यांना मुंबईला जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, त्यांच्यासाठी हे आहे. एक मत आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: माणसाच्या मनावरच्या सिनेमात पैसा कॅमेऱ्यात घालू नका. नटांच्या वेळेत घाला आणि आवाजात घाला.

आधी घर शोधा, मग लिहा

बहुतेक जण पटकथा लिहून जागा शोधायला निघतात. छोट्या सिनेमात हे उलटं करा. पंधरा-वीस दिवस सलग मिळेल असं एक घर आधी पक्कं करा, त्यात चार रात्री झोपा आणि मग लिहायला बसा. कुठल्या खोलीत दुपारी ऊन येतं, जिन्याची कुठली पायरी वाजते, मोरीतून स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू येतं का, हे कळलं की प्रसंग आपोआप सुचतात. माझ्या पटकथेतला मधला सगळा भाग मोरीच्या त्या भिंतीमुळे आला. सून भांडी घासते आणि पलीकडं सासरे कुणाशी तरी बोलताहेत असं तिला ऐकू येतं. खोलीत दुसरं कुणीच नसतं.

सातारा जिल्ह्यातले मित्र मला लगेच वाईला बोलावतात. मेणवलीचा घाट आणि नाना फडणविसांचा वाडा देखणा आहे, यात वाद नाही. पण तो पडद्यावर इतक्या वेळा आलाय की बघणारा गोष्ट विसरून जागा ओळखत बसतो. शिवाय पर्यटकांची ये-जा असते. मनाच्या गोष्टीला ओळखीची नसलेली जागा लागते. वाईतच शूटिंग करायचं असेल तर घाट सोडा आणि आत गल्लीत, दोन म्हाताऱ्या बहिणी राहतात असं एखादं घर शोधा.

तीन रकान्यांची वही

या प्रकारचे पहिले सिनेमे फसतात ते बहुतेक एकाच ठिकाणी: खरं काय घडलं हे दिग्दर्शकालाच ठरवता आलेलं नसतं. प्रेक्षकाला कोड्यात ठेवायचं म्हणून लेखक स्वतःही धुक्यात राहतो. असं करू नका. शंभरपानी वही घ्या आणि प्रत्येक प्रसंगासाठी तीन रकाने आखा. पहिल्यात प्रत्यक्ष काय घडलं. दुसऱ्यात मुख्य पात्राला काय घडलं असं वाटतं. तिसऱ्यात या क्षणी प्रेक्षकाला किती माहीत आहे.

एक नमुना देतो. प्रसंग असा की दिवाणजी पहाटे परड्यात जाऊन पेवावरचे विटांचे तुकडे उचलून बाजूला ठेवतात. पहिला रकाना: 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा गोठ्यात बांधलेली गाय सोडायला ते विसरले होते. दुसरा रकाना: गाय पेवात पडली आणि अजून हंबरतेय. तिसरा रकाना: प्रेक्षकाला गायीचा पत्ता नाही, त्याला फक्त विटा दिसतात आणि सुनेचा चेहरा. ही वही नटांना दाखवायची नाही. दिवाणजींचं काम करणाऱ्याला फक्त दुसरा रकाना वाचून दाखवायचा, कारण त्याच्यासाठी तेवढंच खरं असतं. सुनेला मात्र पहिला. दोघं एकाच खोलीत वेगवेगळी सत्यं घेऊन उभी राहिली की संवाद कमी लागतात.

लिहिताना एक पथ्य मी पाळलं आणि तुम्हीही पाळा: आरसा फुटणं, डोकं धरून किंचाळणं, खोली गरगर फिरणं यातलं काहीही नको. मन बिघडलेला माणूस बाहेरून बहुतेक वेळ साधाच दिसतो. तो चहा पितो, पेपर वाचतो, दुधाचा हिशोब ठेवतो. दिवाणजींचा बिघाड आम्ही त्या हिशोबात दाखवला. रोजच्या वहीत अर्ध्या लिटरच्या जागी एक लिटर लिहिलेलं, कारण त्यांच्या लेखी घरात अजून एक माणूस आहे.

डॉक्टरांना पटकथा वाचून दाखवा

ही पायरी गाळू नका. मनोविकारतज्ज्ञाकडं वेळ मागा, फी द्या आणि पटकथा मोठ्यानं वाचा. माझ्या पहिल्या खर्ड्यात दिवाणजींना शॉक देतानाचा प्रसंग होता, चार जणांनी धरलेलं, तोंडात बोळा वगैरे. डॉक्टरांनी तिथंच थांबवलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ही उपचारपद्धत वापरताच येत नाही, आणि गरजू रुग्णाला तिचा चांगला उपयोग होतो. मी जे लिहिलं होतं ते जुन्या सिनेमांतून उचललेलं होतं. तो प्रसंग पाहून एखाद्या घरानं आपल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं टाळलं असतं, तर ते माझ्या माथी आलं असतं.

आपल्या भागात दवाखान्याच्या आधी देवऋषी येतो, अंगारा येतो, अमावस्येचा उतारा येतो. हे दाखवायलाच हवं, कारण ते खरं आहे. पण देवऋषी म्हणजे खलनायक आणि डॉक्टर म्हणजे देव अशी मांडणी केली की सिनेमाचं पथनाट्य होतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात आणि आजूबाजूला या विषयावर आयुष्य घालवलेली माणसं आहेत, त्यांच्याशी बोला. देवऋषाकडं जाणारी बाई मूर्ख नसते. ती थकलेली असते आणि देवऋषी तिचं ऐकून घेतो. सुनेचा तो प्रसंग मी या एका समजुतीवर लिहिला.

आत्महत्येचा प्रसंग असेल तर पद्धत दाखवू नका, चिठ्ठी वाचून दाखवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये खास सिनेमा-नाटकवाल्यांसाठी यावर मार्गदर्शिका काढलेली आहे, ती लिहायच्या आधी वाचा. शेवटी पडद्यावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक द्यायला विसरू नका.

नट

1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीत. त्याचा आजचा फायदा असा की या गावात नट शोधावा लागत नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर पंधरा दिवस जाऊन बसा. मुख्य भूमिकेवाल्यांकडं कमी बघा. बाजूला उभा राहून दुसऱ्याचं ऐकतोय, त्याच्याकडं बघा. ऐकता येणारा नट तुम्हाला हवा आहे.

अडचण एकच, रंगमंचाचा आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय घशात मुरलेली असते. “हळू बोला” म्हटलं की नट कुजबुजायला लागतो आणि तेही खोटं वाटतं. आम्ही तालमी सभागृहात घेतल्याच नाहीत. त्याच घराच्या स्वयंपाकघरात घेतल्या आणि शेजारच्या खोलीत खरंच झोपलेलं लहान बाळ असायचं, घरमालकिणीचा नातू. बाळ उठलं की तालीम बंद. आठ दिवसांत सगळ्यांचे आवाज जागेवर आले.

नोकरीवाले नट शनिवार-रविवारच येतात, तेव्हा तालमीला दोन महिने धरा. पैसे कमी असतील तर ते आधी सांगा आणि कागदावर लिहून द्या, मित्र असला तरी. किती दिवस, किती रुपये, कधी मिळणार, सिनेमा विकला गेला तर पुढं काय. तोंडी कारभारावर मी एक चांगला मित्र गमावला आहे.

बोलीचा मुद्दा इथंच सांगतो. सांगलीची बोली हशा मिळवायला वापरू नका. आमच्या सिनेमात सून तीन वेळा म्हणते, “मामा, जेवून घ्या की.” पहिल्यांदा त्या ‘की’मध्ये आर्जव आहे, दुसऱ्यांदा वैताग, तिसऱ्यांदा नुसता थकवा. त्या एका अक्षरावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. मला ती संध्याकाळ सिनेमातली सगळ्यात मोलाची वाटते.

कागदपत्रं, पटकन

पटकथेची नोंदणी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं ऑनलाइन होते. सिनेमाचं नाव आधी नोंदवून ठेवायचं असतं. त्यासाठी आणि पुढच्या सल्ल्यासाठी कोल्हापूरला अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे. घरमालकाचं संमतिपत्र, ग्रामपंचायतीचं किंवा महापालिकेचं पत्र आणि पोलीस ठाण्यात लेखी कल्पना एवढं घरातल्या शूटिंगला हवंच. सरकारी जागांसाठी राज्याची एक खिडकी योजना आहे. एसटी स्टँड आणि रेल्वे फलाटाचे प्रसंग शक्य असतील तर पटकथेतूनच काढा. फलाटाऐवजी मिरजेहून सुटलेल्या गाडीची शिट्टी घराच्या गच्चीवर ऐकू येऊ द्या, काम होतं.

दोन गोष्टी नवखे हमखास विसरतात. लहान मूल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्याला दिवसात पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि त्याच्या मिळकतीचा किमान 20 टक्के भाग त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकावा लागतो. दुसरं, प्राणी. चौकटीत गाय आली तरी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचा दाखला सेन्सॉरच्या वेळी मागतात आणि शूटिंग झाल्यावर तो मिळवणं फार जिकिरीचं. आमची गाय म्हणूनच फक्त ऐकू येते. अडचणीतून निघालेला तो निर्णय सिनेमाला लाभला.

पितृपंधरवडा

सांगली-साताऱ्यात शांतता कधी असते, याचा मी वर्षभर डायरी ठेवून अभ्यास केला. दिवाळीपासून कारखान्यांचा गळीत हंगाम. रात्रभर उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रॅक्टरवर मोठमोठ्या आवाजात गाणी. उन्हाळ्यात लग्नं, यात्रा, मंडपवाले. पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस आणि कृष्णेची भीती. मग गणपती, नवरात्र. मधे एक फट सापडते: अनंत चतुर्दशी झाल्यावर नवरात्र बसेपर्यंतचे पंधरा दिवस. लग्नं नाहीत, वाजंत्री नाही, कारखाने अजून पेटलेले नाहीत. घरंही सहज मिळतात. फक्त त्या पंधरवड्यात नवं काम सुरू करायला कुणी राजी नसतं, म्हणून नारळ आधीच फोडून घ्यायचा. आम्ही गणेशोत्सवात मुहूर्त केला आणि एक साधा शॉट घेऊन ठेवला.

पटकथा 78 पानांची होती. पंधरा दिवसांत रोज पाच पानांच्या आसपास. एकाच घरात, तीनच माणसं असल्यामुळे हे जमतं. राहिलेलं काम उरकायला दिवाळीनंतर तीन दिवस वेगळे काढून ठेवले होते आणि ते तिन्ही लागले.

कॅमेरा

चांगला मिररलेस कॅमेरा आणि 35 व 50 मिलिमीटरची दोन भिंगं भाड्यानं घ्या. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला 25 चौकटी आणि शटर एक पन्नासांश ठेवलं की ट्यूबलाइट लुकलुकत नाही. कॅमेरा कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे हे ठरवा. पहिला अर्धा भाग आमचा कॅमेरा सुनेच्या उंचीवर होता, नंतर नातवाच्या. पुष्कळ शॉट घेण्यापेक्षा एक शॉट लांब धरा. बाकी माहिती कुठंही मिळेल.

आवाज

इथं थांबून वाचा. कानाला जे पटतं ते मनाला पटतं, आणि छोटा सिनेमा छोटा वाटतो तो बहुतेक वेळा आवाजामुळे.

शूटिंगच्या जागेवरच खरा आवाज घ्या. नंतर स्टुडिओत डबिंग केलं तर नटाचा तो श्वास परत येत नाही. ध्वनिमुद्रकाला कॅमेरामनच्या बरोबरीनं पैसे द्या आणि जागा बघायला त्याला सोबत न्या. तो घरात शिरला की आधी फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर, शेजारची पिठाची गिरणी यांची यादी करेल. फ्रिज बंद करताना आपल्या स्कूटरची किल्ली त्यातच ठेवायची, म्हणजे रात्री घरी जाताना तो चालू करायची आठवण राहते. ही युक्ती आम्ही तिसऱ्या दिवशी शिकलो. तोवर घरमालकिणीचं दोन दिवसांचं दूध नासलं होतं. नवं दूध आणून दिलं तरी त्या माउलीपुढं उभं राहायला जीव होत नव्हता.

प्रत्येक खोलीत, प्रत्येक वेळी, सगळ्यांना जागेवर उभं करून एक मिनिटभर नुसती शांतता मुद्रित करा. दुपारच्या माजघराची शांतता आणि पहाटेच्या माजघराची शांतता वेगळी असते. संकलनात हीच मिनिटं सांधे जोडतात. आमच्याकडं अशा 41 शांतता जमल्या आणि एकही वाया गेली नाही.

आता पेवाचा आवाज. बुजवलेल्या पेवात माइक सोडता येत नाही. उघड्या पेवात तर माणसानं उतरूच नये. आतल्या वायूनं जीव गेल्याची उदाहरणं आहेत, आणि जुने हमाल आधी कंदील सोडून बघायचे ते यासाठीच. आम्ही घरातला मोठा रांजण घेतला, तळाशी मूठभर सुकी हळकुंडं टाकली, माइक गळ्यापर्यंत सोडला आणि रांजण हळूहळू फिरवला. हळकुंडं मातीवर घासून सरकतात तेव्हा दुरून कुणी घसा खाकरल्यासारखं वाटतं. ध्वनिमुद्रकानं हेडफोन माझ्या कानाला लावले आणि मी काही वेळ बोलूच शकलो नाही. दोन वर्षं जे डोक्यात ऐकत होतो, ते तिथं होतं.

पार्श्वसंगीत म्हणून कीबोर्डचे भयसूचक सूर लावण्याचा मोह होतो. आमच्या शेजारी मिरज आहे. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीवर हलकेच घासतो आणि दर वेळी तार छेडून बघतो. सूर अजून लागलेला नसतो, लागण्याच्या वाटेवर असतो. परवानगी घेऊन, मानधन देऊन आम्ही तो अर्धवट सूर मुद्रित केला. सिनेमात संगीत म्हणून एवढंच आहे.

सेटवर

शक्य तितकं गोष्टीच्या क्रमानं शूटिंग करा. एकच घर असल्यानं खर्च वाढत नाही आणि नटाला मनाची उतरण क्रमानं गाठता येते. दिवाणजींची दाढी, गोळ्यांच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या, झोपेचे तास यांचा तक्ता एका माणसाच्या हातात द्या.

जड प्रसंगानंतर नटाला तसंच घरी पाठवू नका. दिवसाचं काम संपलं की आम्ही अंगणात गोल बसून चहा प्यायचो, त्या वेळी पात्राच्या नावानं कुणी कुणाला हाक मारायची नाही असा नियम होता. ज्या रात्री दिवाणजी परडं उकरतात, त्या रात्री आमच्या ज्येष्ठ नटाचे हात बराच वेळ थरथरत होते. त्यांना 2019 चा पूर आठवला होता, त्यांचं स्वतःचं घर पाण्यात होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही काम बंद ठेवलं. एक दिवस गेला, पण तो जायलाच हवा होता.

जेवणात काटकसर करू नका. चुलीवरची भाकरी आणि गरम आमटी वेळेवर मिळाली की माणसं तुमच्यासाठी रात्र जागवतात.

संकलन

शूटिंग संपल्यावर तीन आठवडे काही बघू नका. मग पहिली जुळणी करा. ती लांब आणि निराशाजनक असेल, सगळ्यांचीच असते. पाच जणांना दाखवा, त्यात गोष्ट अजिबात माहीत नसलेले दोघं तरी हवेत. “आवडलं का?” विचारलं तर सांगलीचा माणूस “झकास” म्हणेल आणि उठेल. त्यापेक्षा म्हणा, “गोष्ट मला सांगा.” जिथं तो अडखळेल तिथं तिसरा रकाना चुकला आहे. माझ्या पाचही जणांनी नातू मेलेला आहे असं धरलं होतं. असं मी कुठंही लिहिलेलं नव्हतं. एका शॉटमध्ये त्याचं ताट रिकामं राहिलं होतं, तेवढ्यावरून. शॉट काढला, गैरसमज गेला.

सेन्सॉर, महोत्सव आणि तिसरी हार्ड डिस्क

प्रमाणपत्रासाठी ई-सिनेप्रमाण या पोर्टलवर अर्ज करायचा. 2024 च्या नियमांपासून ‘यूए’मध्ये 7, 13 आणि 16 वर्षांवरील अशा पायऱ्या आहेत. मनोविकाराच्या विषयाला बहुधा यातलीच एखादी मिळते आणि तिनं काही बिघडत नाही. गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय सिनेमांसाठी इंडियन पॅनोरमा हा विभाग असतो. त्यातल्या कथापटांना किमान लांबीची अट असते, तेव्हा संकलनात हात राखून कापा. राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या सिनेमाला वेगळा पुरस्कार आहे. पुण्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात मराठी सिनेमांची स्वतंत्र स्पर्धा असते. संकलन अर्धवट असताना गोव्यात इफ्फीबरोबर भरणाऱ्या फिल्म बाजारच्या (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) प्रयोगशाळेला अर्ज करा. तिथं जाणती माणसं कच्चा सिनेमा बघून चुका सांगतात. महोत्सव होईपर्यंत सिनेमा यूट्यूबवर चुकूनही टाकू नका. इंग्रजी उपशीर्षकं स्वतः बसून तपासा. ती ‘की’ तीन वेळा तीन तऱ्हांनी उतरवायला आम्हाला दहा दिवस लागले.

राहिली मूळ फायलींची राखण. मेमरी कार्ड पुसण्याआधी दोन प्रती हव्यात हे सगळे सांगतात. आपल्या भागासाठी मी एक भर घालतो. पहिली प्रत तुमच्या घरी, पण तळमजल्यावर नको. दुसरी संकलकाकडं. तिसरी कृष्णाकाठापासून लांब, चढावरच्या गावात. आमची विट्याला मावशीकडं आहे, कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली. दर सहा महिन्यांनी तिच्याकडं जाऊन ती डिस्क लॅपटॉपला लावून बघायची, कारण नुसती पडून राहिली तरी ती बिघडते.